ठाण्यात भाड्याचं घर घेताय? टोकनपासून पहिल्या आठवड्यापर्यंत काय कधी करायचं, क्रमाने

भाड्याने घर घेताना करायच्या सगळ्या गोष्टी लोक करतात, पण उलट्या क्रमाने करतात. घर आवडलं की लगेच टोकन (घर अडवून ठेवायला दिलेली आगाऊ रक्कम), मग टेम्पो बुक, मग शेवटच्या आठवड्यात ॲग्रीमेंटची धावपळ, आणि सामान गेटवर आल्यावर कळतं की सोसायटीला वेगळा फॉर्म लागतो, रविवारी लिफ्ट देत नाहीत आणि फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर आहे ज्यातला एक जण दुबईला असतो. मग टोकन परत मागितलं की ओनर नाही म्हणतो आणि ब्रोकर फोन उचलत नाही. हे सगळं टळू शकतं, क्रम सरळ ठेवला तर. खालचं सगळं ठाणे वेस्ट आणि घोडबंदर रोड डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, पण ॲग्रीमेंटचे नियम कळवा, मुंब्रा, ऐरोली, वाशी सगळीकडे तेच आहेत.

राहायला जायचं त्याच्या साधारण महिनाभर आधी सुरुवात करा. फार आधी बघायला गेलात तर ओनर थांबत नाही, आणि आठवडा उरला असताना गेलात तर जे मिळेल ते घ्यावं लागतं.

१. घर बघायला निघायच्या आधी

आधी कागद. आधार, पॅन, फोटो, नोकरीचं आयकार्ड किंवा ऑफर लेटर, हे सगळं फोनमध्ये एका फोल्डरमध्ये ठेवा. आता महत्त्वाचं, ॲग्रीमेंटचं रजिस्ट्रेशन आधारच्या अंगठ्यावर होतं, त्यामुळे आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवलं असेल तर ते उघडावं लागतं, आणि घरातल्या ज्येष्ठ माणसाच्या नावावर करार करणार असाल तर त्यांचा अंगठा मशीनवर लागतो का ते आधीच आधार केंद्रावर बघून घ्या. वय झालं की, किंवा आयुष्यभर हाताचं काम केलेलं असलं की, ठसे पुसट होतात. ॲग्रीमेंट करून देणारा एजंट लॅपटॉप उघडून घरी बसलाय आणि अंगठा लागतच नाही, असं झालं की अख्खा दिवस वाया जातो.

मग पैशांचा हिशोब. लोक फक्त भाडं आणि डिपॉझिट धरतात. समजा भाडं २५,००० आणि डिपॉझिट १ लाख. हातात लागणार ते १ लाख, अधिक पहिलं भाडं २५,०००, अधिक ब्रोकरेज (आपल्याकडे बहुतेक एक महिन्याचं भाडं) २५,०००, म्हणजे दीड लाख इथेच झाले. त्यावर ॲग्रीमेंट, टेम्पो, सोसायटीचा शिफ्टिंग चार्ज, पडदे, दिवे, एसी काढणं-लावणं. भाडं परवडतंय एवढ्यावर घर ठरवू नका, पहिल्या महिन्यात खात्यातून एकूण किती जाणार ते कागदावर लिहा.

आणि एरिया. ब्रोकरच्या भाषेत माजिवड्यापासून गायमुखपर्यंत सगळंच घोडबंदर रोड. पण माजिवडा, कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा यातल्या प्रत्येक थांब्यागणिक स्टेशनला पोचायचा वेळ बदलतो. "स्टेशनपासून वीस मिनिटं" हे कुठल्या वारी आणि किती वाजता, हा प्रश्न विचारायचाच. वर्किंग डेला सकाळी ऑफिसच्या वेळेत त्या एरियातून टीएमटीच्या (महापालिकेच्या) बसने किंवा शेअर रिक्षाने स्टेशनला एकदा जाऊन बघा, संध्याकाळी परत पण या. मेट्रो ४ चं नाव सांगून भाडं वाढवून मागतात, तर ज्या दिवशी तुम्ही राहायला जाणार त्या दिवशी काय चालू असेल त्यावरच हिशोब करा.

२. घर बघताना

एकच घर दोनदा बघा, एकदा दिवसाउजेडी आणि एकदा रात्री आठनंतर. दिवसा भिंती दिसतात, रात्री पार्किंग, वरच्या मजल्याचा आवाज आणि लिफ्टसाठी किती थांबावं लागतं ते दिसतं.

पहिला प्रश्न पाण्याचा, आणि तो ब्रोकरला विचारू नका, वॉचमनला विचारा. पाणी किती वेळ येतं, मे महिन्यात टँकर लागतात का, किती, आणि टँकरचे पैसे मेंटेनन्समध्येच की वेगळे. घोडबंदरच्या बऱ्याच मोठमोठ्या सोसायट्यांना उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून राहावं लागतं हे ठाण्यात कुणालाही विचारा. शहराला पाणी पुरवणाऱ्या स्टेमच्या किंवा एमआयडीसीच्या लाईनचं दुरुस्तीचं काम निघालं की शहराच्या काही भागांत दिवसभर पाणी बंद असतं, तेव्हा बिल्डिंगची टाकी केवढी आहे आणि घरात माळ्यावर वेगळी टाकी आहे का, हे पण विचारून ठेवा.

आता लीकेज, कारण सगळ्यात जास्त फसगत इथे होते. बाथरूमच्या पलीकडची भिंत शोधा, म्हणजे बेडरूमची किंवा पॅसेजची जी भिंत बाथरूमला चिकटून आहे ती. तिच्यावर तळहात फिरवा, जमिनीपासून गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत. रंग फुगलेला, पापुद्रा सुटलेला किंवा हाताला गार ओलसर लागत असेल तर आतली पाइपलाइन किंवा वॉटरप्रूफिंग गेलेलं आहे. कपाट भिंतीला लावलेलं असेल तर ते उघडून मागची फळी बघा, कुबट वास लगेच येतो. मग बाथरूममध्ये वर बघा, वरच्या फ्लॅटचं पाणी छतातून उतरत असेल तर तपकिरी कडा असलेले डाग दिसतात. शेवटी खिडक्या, विशेषतः पश्चिमेकडच्या, कारण पाऊस तिकडूनच झोडपतो. स्लायडिंगच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर जायची भोकं बुजलेली असतील तर जुलैमध्ये पाणी थेट बेडवर.

थांबा: सगळं घर जुन्या रंगाचं आणि एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर कारण विचारा, आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

बाकीचं पटापट होतं. सगळे नळ एकदम सोडून बघा, प्रेशर पडतं का. फ्लश दोनदा. गीझर चालू करून पाच मिनिटांनी पाणी. फोनचा चार्जर घेऊन प्रत्येक सॉकेट. आतल्या बेडरूममध्ये दार लावून एक फोन करा, कारण उंच टॉवरच्या गर्दीत काही फ्लॅटमध्ये नेटवर्क अजिबात मिळत नाही आणि घरून काम करणाऱ्याला हे परवडत नाही. ब्रॉडबँड कुठल्या कंपन्यांचं येतं तेही बघा, बऱ्याच सोसायट्यांत दोन-तीनच कंपन्यांच्या वायरी आत आलेल्या असतात. येऊरच्या डोंगराच्या बाजूला, पोखरण रोड, वसंत विहार वगैरे भागात घेताय तर किचनच्या खिडकीला जाळी हवीच, माकडं येतात.

३. ओनर खरंच ओनर आहे का

इथे लाजू नका. लाख रुपये देताय, कागद मागायचा तुम्हाला हक्क आहे. मागायचे ते कागद म्हणजे खरेदीच्या दस्ताचा इंडेक्स टू (रजिस्ट्रेशनचा सारांश, त्यात मालकाचं नाव असतं), चालू लाईट बिल, सोसायटीचं मेंटेनन्स बिल, आणि मिळाल्यास प्रॉपर्टी टॅक्सची पावती. चारही ठिकाणी नाव तेच आहे का बघा.

इंडेक्स टू वर दोन नावं असतील तर ॲग्रीमेंटवर दोघांच्या सह्या-अंगठे लागणार. हे आधी विचारलं जात नाही आणि मग नेमकं रजिस्ट्रेशनच्या दिवशी "मिस्टर बाहेरगावी आहेत" निघतं. ओनर परदेशात असेल आणि भाऊ किंवा वडील पॉवर ऑफ ॲटर्नीवर व्यवहार करत असतील तर ती पॉवर ऑफ ॲटर्नी आधी वाचा, तिच्यात भाड्याने द्यायचा अधिकार दिलेला आहे का बघा, आणि ॲग्रीमेंट करणाऱ्या एजंटला ती दाखवून घ्या की घरबसल्या रजिस्ट्रेशन होईल की दुय्यम निबंधक कार्यालयात जावं लागेल.

ओनर एनआरआय असेल तर अजून एक गोष्ट, भाडं कितीही कमी असलं तरी टीडीएस (भाड्यातून आधीच कापायचा इन्कम टॅक्स) कापून भरायची जबाबदारी तुमची होते, ३० टक्के अधिक सेस. बहुतेक भाडेकरूंना हे माहीतच नसतं आणि नोटीस आली की त्यांना येते. अशा घराला हो म्हणायच्या आधी एखाद्या सीएशी दहा मिनिटं बोला.

तपासा: लाईट बिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक टाकून महावितरणच्या साइटवर किंवा ॲपवर थकबाकी बघता येते. कळवा-मुंब्रा भागात वीज टोरंटकडे आहे, तिथे त्यांच्याकडे बघा. मेंटेनन्स थकलेला असेल तर सोसायटी तुमच्या शिफ्टिंगच्या वेळी अडवून धरते, म्हणून मेंटेनन्सचं शेवटचं बिल भरलेलं आहे का ते बघाच. दारावर बँकेची कसलीही नोटीस चिकटवलेली असेल तर तिथून परत फिरा, घर कितीही छान असो.

४. सोसायटी ऑफिस, टोकनच्या आधी

ही पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते. घर पसंत पडलं की त्याच दिवशी खाली ऑफिसमध्ये जा, मॅनेजरला किंवा सेक्रेटरींना भेटा आणि विचारा. भाडेकरूंसाठी कोणता फॉर्म, किती दिवस आधी द्यायचा. शिफ्टिंग कुठल्या वारी, किती ते किती. शिफ्टिंगचा चार्ज किंवा परत मिळणारं डिपॉझिट किती. पार्किंग भाडेकरूला मिळतं का, आणि ओनरने जे "पार्किंग आहे" सांगितलं ते त्याच्या नावावर अलॉट आहे की रिकामं दिसतं म्हणून लावतात. बॅचलर असाल, कुत्रा-मांजर असेल, तर स्पष्ट सांगून विचारा.

नियमाने बघितलं तर ओनरने फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीला कळवायचं असतं, ॲग्रीमेंटची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची कॉपी द्यायची असते. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी ओनरकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्ज घेते, त्याला सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे, सरकारच्या २००१ च्या आदेशापासून. हा चार्ज कोण भरणार ते ओनरशी आधीच ठरवा, बहुतेक ठिकाणी ओनरच भरतो. कमिटीचा एखादा नियम बेकायदा वाटला तरी तुम्ही नवीन माणूस म्हणून भांडायला जाऊ नका. सभासद ओनर आहे, बोलायचं काम त्याचं. तो बोलायला तयार नसेल तर पुढे पण कुठल्याच कामाला बोलणार नाही, हे त्याच दिवशी समजून घ्या.

५. टोकन

आता टोकन. रक्कम छोटी ठेवा, पाच-दहा हजार पुरतात, अख्खं डिपॉझिट टोकनमध्ये देऊ नका. कॅश नाही, ब्रोकरच्या यूपीआयवर नाही, ओनरच्या बँक खात्यात, आणि खात्याचं नाव इंडेक्स टू वरच्या नावाशी जुळलं पाहिजे. फोटो बघून, घर न बघता टोकन कधीच नाही, समोरचा स्वतःला आर्मीतला सांगो नाहीतर आणखी कोणी.

पैसे पाठवायच्या आधी ओनरला असा मेसेज टाका, आणि त्याचं "ओके" आल्यावरच ट्रान्सफर करा:

"नमस्कार. अमुक बिल्डिंग, फ्लॅट नंबर अमुक, भाडं २५,००० दरमहा मेंटेनन्ससकट, डिपॉझिट १,००,०००, ताबा १ तारखेला, करार २४ महिन्यांचा, दुसऱ्या वर्षी वाढ ५ टक्के. टोकन १०,००० आज देतोय, ते डिपॉझिटमध्ये धरायचं. ॲग्रीमेंटचा खर्च निम्मा-निम्मा. तुमच्या बाजूने व्यवहार रद्द झाला किंवा सोसायटीने अडवलं तर टोकन पूर्ण परत. कृपया कन्फर्म करा."

एवढ्या एका मेसेजमुळे पुढची निम्मी भांडणं होत नाहीत. ब्रोकरलाही त्याच ग्रुपमध्ये घ्या आणि ब्रोकरेज ॲग्रीमेंट रजिस्टर झाल्यावर द्यायचं हे तिथेच लिहा. दर वर्षी रिन्यूअलला ब्रोकरेज मागणार का तेही आत्ताच विचारा, नंतर विचारलं की "सगळेच देतात" असं उत्तर येतं.

६. लिव्ह अँड लायसन्स ॲग्रीमेंट, म्हणजे भाड्याचा करार

सगळ्यात जुना गैरसमज, ११ महिन्यांचा करार असेल तर रजिस्टर करायची गरज नाही. महाराष्ट्रात हे चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि रजिस्टर असलाच पाहिजे, मग तो ११ महिन्यांचा असो की ३६. जबाबदारी ओनरची आहे, न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि करार रजिस्टर नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, म्हणजे ओनरलाही रजिस्ट्रेशन फायद्याचंच आहे, तो टाळत असेल तर हे त्याला सांगा. स्टॅम्प पेपरवर टाइप करून नोटरीचा शिक्का मारलेला कागद म्हणजे रजिस्टर करार नव्हे. पासपोर्ट, शाळा, बँक, गॅस, सगळीकडे रजिस्टर झालेलाच करार मागतात, नोटरीवाला पुढे केला की परत पाठवतात.

खर्च किती ते स्वतः काढता येतं, एजंट सांगेल तो आकडा डोळे झाकून देऊ नका. स्टॅम्प ड्युटी ०.२५ टक्के, कशावर तर पूर्ण मुदतीचं भाडं अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज. वरच्या उदाहरणात ११ महिन्यांसाठी भाडं २,७५,०००, व्याज साधारण ९,१६७, एकूण २,८४,१६७, त्याचे ०.२५ टक्के म्हणजे ७१० च्या आसपास. महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशन फी १,०००. त्यावर ऑनलाइनचा हँडलिंग चार्ज आणि एजंटची फी, घरी येऊन करून देतो त्याची. एजंटला सरकारी रक्कम आणि त्याची फी वेगवेगळी लिहून मागा.

तेच २४ महिन्यांचं केलंत (समजा भाडं तेच) तर ६,००,००० अधिक २०,०००, ड्युटी १,५५०, आणि रजिस्ट्रेशन फी तेवढीच एकदाच. माझं स्पष्ट मत, मुलं शाळेत जाणारी असतील तर ११ महिन्यांच्या भानगडीत पडू नका. ६० महिन्यांपर्यंत लिव्ह अँड लायसन्स करता येतं. दोन किंवा तीन वर्षांचं करा, वाढ किती टक्के ते आत लिहा, दर वर्षीची फी, धावपळ, ब्रोकर सगळं वाचतं.

अंगठा द्यायच्या आधी ड्राफ्टची पीडीएफ मागवून घरी सावकाश वाचा. काय काय बघायचं:

लॉक-इन, म्हणजे ज्या काळात करार मोडता येत नाही तो, दोघांना सारखा आहे का. बऱ्याच ड्राफ्टमध्ये भाडेकरूला सहा महिने बांधलेलं असतं आणि ओनर मात्र महिन्याच्या नोटिशीवर बाहेर काढू शकतो, असं असेल तर बदलून घ्या.

डिपॉझिट कधी परत. "घर रिकामं केल्यावर ३० दिवसांत" असं असतं, ते "चावी देताना, त्याच दिवशी" करा. चावी गेली की तुमच्या हातात काही राहत नाही.

रंग. घर सोडताना रंगाचे म्हणून पंधरा-वीस हजार कापणं इथे नेहमीचं झालंय. वापराने होणारी साधी झीज धरायची नाही, तोडफोड असेल तरच कापायचं, हे वाक्य करारात घाला.

रिपेअर. बल्ब, नळाचा वॉशर, गाळणी तुमची. भिंतीतली पाइपलाइन, छताचं लीकेज, गीझर-एसी बंद पडला तर ओनरचं. "सर्व दुरुस्ती भाडेकरूने करावी" असं मोघम वाक्य दिसलं तर काढून टाकायला सांगा.

सामानाची यादी. पंखे किती, गीझर कुठल्या कंपनीचा, एसी किती टनाचा, मॉड्युलर किचनची चिमणी आहे का.

आणि नाव, फ्लॅट नंबर, विंग, पिनकोड. ४००६०७ आणि ४००६१५ ची अदलाबदल घोडबंदरला फार होते आणि पासपोर्टच्या वेळी नडते.

थांबा: रजिस्ट्रेशन झालं असं एजंट म्हणतो ते अंगठे लागल्यावर, पण काम पूर्ण होतं ते दस्त क्रमांक पडल्यावर. रजिस्टर झालेली पीडीएफ आणि इंडेक्स टू हातात आल्याशिवाय एजंटचे पूर्ण पैसे देऊ नका.

पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं हे ओनरचं काम, ऑनलाइन होतं किंवा पोलीस स्टेशनला जाऊन. न दिल्यास गुन्हा ओनरवर दाखल होतो. तरी तुम्ही पाठपुरावा करा, कारण त्या पावतीची कॉपी सोसायटी तुमच्याकडेच मागते.

७. ताबा घेताना

उरलेलं डिपॉझिट चावी हातात आल्यावर, ओनरसमोर घरात उभं राहून ट्रान्सफर करायचं. त्याआधी एक सलग व्हिडिओ काढा, दारापासून सुरू करून प्रत्येक खोली, प्रत्येक भिंत, कपाटांच्या आतून, टाइल्सचा तडा असेल तिथे थांबून, आणि शेवटी लाईट मीटरवर जाऊन आकडा दिसेपर्यंत. गॅसचा मीटर असेल तर तोही. व्हिडिओ त्याच वेळी ओनरला पाठवा म्हणजे तारीख-वेळ आपोआप नोंदली जाते. मीटरचा आकडा वेगळा टाइप करून पण पाठवा, कारण पुढचं लाईट बिल येईल त्यात आधीच्या भाडेकरूचे दिवस असतील आणि तो फरक ओनरने द्यायचा असतो.

मेन डोअरचं लॅच बदलून घ्या, जुन्या चाव्या कोणाकोणाकडे आहेत सांगता येत नाही. ओनरला सांगून, जुनं लॅच जपून ठेवून. पेस्ट कंट्रोल आणि बाथरूमची डीप क्लीनिंग सामान यायच्या आधी, रिकाम्या घरात. नंतर होत नाही.

८. शिफ्टिंग

टेम्पो आत्ता बुक करायचा, आधी नाही. वन बीएचकेला सामान कमी असेल तर छोटा हत्ती दोन फेऱ्यांत करतो, फ्रिज, वॉशिंग मशीन, डबल बेड, कपाट सगळं असेल तर मोठी पिकअप किंवा ४०७ (त्याहून मोठा टेम्पो) सांगा. भाव ठरवताना फोटो पाठवा आणि चार गोष्टी आधी बोला, दोन्हीकडचा मजला, लिफ्ट सामानाला देतात का, टेम्पो लिफ्टपासून किती लांब थांबणार, आणि बेड खोलणं-जोडणं भावात आहे का. हे नाही बोललं की अर्धं सामान उतरल्यावर हमाली वाढते.

घोडबंदरला सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत टेम्पो काढू नका, आणि गायमुखच्या बाजूला रस्त्याचं काम निघालं असेल तर ट्रॅफिक पोलिसांची सूचना आदल्या दिवशी बघा. सोसायटीची वेळ पाचपर्यंत असेल आणि टेम्पो माजिवड्याला अडकला तर सामान रात्रभर टेम्पोत राहतं आणि त्याचं भाडं वेगळं. जून ते सप्टेंबरमध्ये ताडपत्री आणि गाद्यांना प्लॅस्टिक हवंच, टेम्पोवाल्याकडे असेलच असं धरू नका.

फ्रिज उभाच न्यायचा आणि पोचल्यावर काही तास थांबून चालू करायचा. फ्रंट लोड मशीनच्या मागचे ट्रान्झिट बोल्ट शोधून लावा, नाहीतर ड्रम हलतो. एसी काढणाऱ्याला गॅस आत साठवून काढायला सांगा, घाईत सोडून दिला की नवीन घरी पूर्ण गॅस भरायचे पैसे. सोनं, कागद, लॅपटॉप, औषधं तुमच्या बॅगेत, टेम्पोत नाही. किचनचा एक खोका, गादी, एक बादली-मग आणि पडदे सगळ्यात शेवटी भरा म्हणजे आधी उतरतील.

९. पहिला आठवडा

आधी गॅस. घरात महानगर गॅसची पाइपलाइन असेल तर तुमची सिलिंडरवाली शेगडी तशीच जोडून चालत नाही. दोन्हीचं प्रेशर वेगळं, त्यामुळे बर्नरच्या आतल्या जेटचं भोक वेगळं लागतं, सिलिंडरचं बारीक, पाइप गॅसचं मोठं. सिलिंडरचा जेट पाइप गॅसवर लावला की ज्योत मुंगीएवढी आणि कुकरला अर्धा तास. उलटं केलं, म्हणजे पाइप गॅसवाली शेगडी सिलिंडरला, तर पिवळी मोठी ज्योत उठते, भांडी काळी होतात आणि ते धोक्याचं आहे. कुठल्याही रिपेअरवाल्याला भोक मोठं करू देऊ नका, गॅस कंपनीच्या माणसालाच बोलवा आणि नळीची एक्सपायरी तारीख पण त्याच्याकडून बघून घ्या. कनेक्शन ओनरच्याच नावाने राहू द्या, फक्त बिल तुमच्या मोबाइलवर यायची सोय करा. सिलिंडर वापरणार असाल आणि दुसऱ्या शहरातून आलात तर तिथल्या एजन्सीत सिलिंडर-रेग्युलेटर जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घेतलेलं पाहिजे, ते निघायच्या आधीचं काम आहे.

मग रोजची माणसं. दूध, पेपर, इस्त्री, कचरा, कामाच्या मावशी, यांची नावं वॉचमनकडून घेऊ नका, समोरच्या दारात विचारा. त्या मजल्यावर जे आधीच येतात त्यांना तुमचं एक घर वाढवणं सोपं जातं आणि ते टिकतात. मावशींशी कामं मोजून ठरवा, भांडी, केर-लादी, कपडे, माणसं किती, महिन्याच्या सुट्ट्या किती, पाहुणे आले तर काय. पगार शेजारी देतात तेवढाच द्या, कमी नाहीच. गेटच्या ॲपवर त्यांची नोंद आणि आयडी पहिल्याच दिवशी करून द्या, नाहीतर रोज सकाळी त्यांना गेटवर तुमच्या फोनची वाट बघत उभं राहावं लागतं.

किराणावाल्याकडे एकदा स्वतः जा. फोनवर नुसता विंग आणि फ्लॅट नंबर सांगणाऱ्यापेक्षा एकदा तोंड दाखवलेल्या गिऱ्हाईकाला मुलगा लवकर येतो, आणि महिन्याचं खातं मांडायचं की दर वेळी यूपीआय, हेही समोरासमोर ठरतं. महिन्याचं मोठं सामान, मसाले, कडधान्य यासाठी अजूनही स्टेशनजवळचा जांभळी नाका आणि बाजारपेठ बरी, मात्र गाडी नेऊ नका, पार्किंग मिळत नाही, बसने जा आणि रिक्षाने या. गिरणीत गव्हाआधी काय दळलंय ते विचारा, बेसनानंतरचे गहू घरी आले की पोळीला वास येतो.

भिंतीला खिळा-ड्रिल मारायच्या आधी ओनरला फोटोवर जागा दाखवून परवानगी घ्या. ड्रिलिंगची सोसायटीची वेळ असते, दुपारी बंद असतं.

१०. फोनमध्ये आजच टाकायच्या तारखा

भाडं दर महिन्याला ओनरच्या खात्यात, "अमुक महिन्याचं भाडं" असा शेरा टाकून. वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर असेल आणि एचआरएची (घरभाडे भत्त्याची) टॅक्स सूट घेणार असाल तर ऑफिस ओनरचा पॅन मागणार, तो करार करतानाच घेऊन ठेवा, मार्चमध्ये मागितला की ओनर टाळतो. भाडं महिन्याला ५०,००० च्या वर असेल तर टीडीएस तुम्ही कापायचा.

करार संपायच्या दोन महिने आधीचं रिमाइंडर लावा. मुदत संपल्यावर नवा करार न करता राहिलात तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे ओनर दुप्पट भाड्याच्या दराने नुकसानभरपाई मागू शकतो. "राहा हो, काही घाई नाही" असं तोंडी सांगितलेलं तिथे उपयोगाचं नाही. राहायचं असेल तर नवा करार जुना संपायच्या आत रजिस्टर, आणि सोडायचं असेल तर नोटीस व्हॉट्सॲप आणि ईमेल दोन्हीवर, तारखेसकट, आणि त्याच मेसेजमध्ये डिपॉझिट कुठल्या खात्यात आणि कुठल्या दिवशी हवंय ते पण लिहून.